संगणकाने चालणारे सुतारकामाचे लहान यंत्र व स्वस्त साहित्यावर त्याचा सराव

शेतकऱ्याच्या घरी सुतारकाम हे कधीच परके नव्हते. तिफणीचे चाडे, वखराचे रूमणे, जू, शिवळा, गाडीची साटी, हे सर्व गावच्या सुताराच्या दारी होत असे आणि त्याचा मोबदला खळ्यावरून धान्याच्या रूपाने जात असे. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, तशी ती कामेही गेली. आमच्या पेडगावी आज लाकडाचे औत नव्याने करून घेणारा शेतकरी शोधावा लागतो. तथापि लाकूड घरोघर पडलेले आहे: मोडलेल्या माळवदाच्या कड्या, जुन्या खाटांचे माचवे, यंत्रसामग्री बांधून आलेली देवदारी खोकी. ह्या लाकडाचा काही उपयोग घरबसल्या करता येईल काय, ह्या विचाराने आम्ही सेवानिवृत्तीनंतर ज्या यंत्राच्या नादी लागलो त्याची हकीकत व त्यावरील पाठ वाचकांपुढे ठेवीत आहो.

यंत्र लहानसे आहे. त्यास बाजारात ‘तीन हजार अठरा’ असे म्हणतात, कारण त्याची काम करण्याची जागा ३० सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद असते. खोली सुमारे साडेचार सेंटिमीटर. ॲल्युमिनियमचा सांगाडा, तीन आट्यांचे दांडे, प्रत्येक दांडा फिरविणारी एक मोटार, आणि मध्ये उभे फिरणारे पाते. संगणकात आकृती काढावयाची, ती आकड्यांत उतरवावयाची आणि ते आकडे यंत्रास द्यावयाचे. मग पाते त्या आकड्यांबरहुकूम लाकूड कोरते. त्याची किंमत आज चांगल्या बैलाच्या किमतीहून पुष्कळ कमी आहे. आमच्याकडील यंत्र पुण्यास नोकरी करणाऱ्या पुतण्याने घेतले व त्यास वेळ मिळेना म्हणून आमच्या ओसरीवर आणून ठेवले. जाताना तो म्हणाला, “काका, पहिला महिनाभर चांगल्या लाकडाला हात लावू नका.” आम्ही ते ऐकले नाही.

आमच्या आजोबांनी निजामी अमदानीत बांधलेले माळवद आम्ही उतरविले तेव्हा त्याची सागवानी तुळई निघाली. तिच्या फळ्या पाडून घेतल्या होत्या. त्यांपैकी सर्वांत रुंद फळीतून देव्हाऱ्याची महिरप कोरावी असे आमच्या मनात होते. आठव्याच दिवशी ती फळी यंत्रावर आवळली, तीन मिलिमीटर खोली एकाच फेऱ्यात घेण्याचा आकडा घातला आणि चहास आत गेलो. परत येऊन पाहतो तो लाकडास जळका वास, पाते काळे पडलेले, आणि महिरपीचा उजवा अर्धा भाग डाव्यापासून बोटभर सरकून कोरला गेलेला. यंत्र मात्र काही घडलेच नाही अशा थाटात कोरीत होते. साठसत्तर वर्षे छत तोलून धरलेले ते लाकूड आम्ही पाऊण तासात वाया घालविले. घरात कोणी काही बोलले नाही, हे अधिक बोचले.

चूक कोठे झाली हे कळण्यास यंत्राचा स्वभाव समजला पाहिजे. ह्या जातीच्या यंत्रास डोळे नाहीत. मोटार एका फेऱ्याचे २०० पाय टाकते. संगणक तिला इतके पाय टाक असे सांगतो आणि तिने ते टाकले असे धरून चालतो. पाते लाकडात रुतले व मोटारीस जोर पुरला नाही, तर काही पाय चुकतात. परंतु हे संगणकास कळविण्याची सोय नाही. तेथून पुढचे सारे काम तितकेच सरकलेले होते. काळ्या रानात नांगर प्रमाणाबाहेर खोल घातला तर बैल उभे राहतात व आपणास ते दिसते; येथे बैल उभे राहिलेले कोणास दिसत नाहीत.

यंत्राची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हेलिकॉप्टरची पाती अचूक व्हावीत म्हणून जॉन पार्सन्स ह्यांनी आकड्यांनी यंत्र चालविण्याचा विचार मांडला, आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेने १९५२ साली असे यंत्र चालवून दाखविले. त्यावेळी ही चीज विमानांच्या कारखान्यासच परवडणारी होती. इटलीत २००५ साली ‘आर्डुइनो’ नावाची स्वस्त नियंत्रक पट्टी निघाली व पुढे २००९ साली नॉर्वेतील एका गृहस्थाने तिच्यावर चालणारी ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली लिहून सर्वांस फुकट दिली. तेव्हापासून ते यंत्र घरगुती झाले. आपल्या प्रांतातही ह्या विद्येचा संबंध खेड्याशी फार लवकर आला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या मुलांनी हाताने काम करीत शिकावे, हा त्याचा हेतू. त्याच आश्रमात २००२ साली वरील अमेरिकन संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’, म्हणजे आकड्यांवर चालणाऱ्या यंत्रांची प्रयोगशाळा, उघडली गेली. त्या संस्थेबाहेर निघालेल्या पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. मुंबईच्या आधी पाबळ, ही गोष्ट आम्हांस तरी फार गोड वाटते.

आता पाठास आरंभ करू. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. तरी ह्या यंत्राचे गणित आम्हांस जड गेले नाही, कारण उभा जन्म महसुलाच्या दप्तरात गेला. वाचकांपैकी ज्यांनी जुन्या मोजणीचे टिपण पाहिले असेल त्यांस ते लगेच उमजेल. मोजणीदार शेताच्या दोन टोकांमध्ये एक मुख्य रेषा धरीत असे. तिच्यावर तेहतीस फुटांची शंकुसाखळी टाकीत पुढे जाई, आणि प्रत्येक कोपऱ्यासमोर आला की तेथून लंब टाकून अंतर लिही. रेषेवर किती गेलो व लंबावर किती वळलो, ह्या दोन आकड्यांत शेताचा कोणताही कोपरा सांगता येतो. यंत्रातही तेच आहे. रेषेवरच्या अंतरास ‘एक्स’, लंबास ‘वाय’, आणि खोलीस ‘झेड’ म्हणावयाचे. ज्या हद्दीच्या दगडापासून मोजणीस आरंभ करावयाचा तो दगड म्हणजे यंत्राचे शून्य. दगड हलला तर सारा नकाशा हलला. आज मोजणीदार रोव्हर घेऊन येतात व साखळी कचेरीच्या कोपऱ्यात गंजते; परंतु तत्त्व बदललेले नाही.

यंत्रास द्यावयाच्या आज्ञा थोड्याच आहेत. त्या रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात, परंतु आम्ही येथे देवनागरीत सांगतो. ‘जी २१’ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये घे. ‘जी ०’ म्हणजे न कोरता वेगाने त्या ठिकाणी जा. ‘जी १’ म्हणजे कोरीत सरळ रेषेने जा. ‘एम ३’ ने पाते फिरू लागते व ‘एम ५’ ने थांबते. ‘जी ९०’ व ‘जी ९१’ ह्यांतील भेद मात्र नीट ध्यानी धरावा. पहिल्याने प्रत्येक अंतर हद्दीच्या दगडापासून मोजले जाते. दुसऱ्याने ते आधी जेथे उभे आहो तेथून पुढे मोजले जाते. दुसऱ्या रीतीत एका ठिकाणची चूक पुढच्या प्रत्येक ठिकाणी सोबत येते. नवशिक्याने ‘जी ९०’ सोडू नये.

पहिले पंधरा दिवस यंत्रात पाते बसवूच नये. त्याऐवजी एक साधे पेन बांधावे आणि खाली जुने वर्तमानपत्र किंवा गेल्या सालचे पंचांग चिकटवावे. पेनाच्या मागे लहानशी स्प्रिंग असली म्हणजे कागद फाटत नाही. मग शंभर मिलिमीटरचा चौरस काढण्याची आज्ञा स्वतः हाताने लिहावी. प्रथम शून्यावर जा, मग एक्स १००, मग वाय १००, मग एक्स शून्य, मग वाय शून्य. निघालेला चौरस पट्टीने मोजावा. बाजू शंभरच भरली पाहिजे आणि दोन्ही कर्ण सारखे, १४१ मिलिमीटरहून किंचित अधिक, भरले पाहिजेत. कर्ण सारखे नसतील तर यंत्राचा सांगाडा काटकोनात नाही. स्क्रू सैल करून गुण्याने तो सरळ करावा. बाजूच कमीजास्त भरली तर दोष हिशेबाचा आहे. मोटारीचे २०० पाय नियंत्रक पट्टी प्रत्येकी १६ भागांत तोडते, म्हणजे एका फेऱ्यास ३,२०० भाग झाले. आटा एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकतो. म्हणून एका मिलिमीटरास ८०० भाग. शंभर मागितले व अठ्ठ्याण्णवच मिळाले, तर ८०० ला १०० ने गुणून ९८ ने भागावे; येणारा आकडा, ८१६ व काही अपूर्णांक, पट्टीत घालावा. पण तो घालण्याआधी आटा खरोखर चारचाच आहे ना हे पाहावे, कारण आठच्या आट्याचीही यंत्रे येतात.

चौरसानंतर वर्तुळ काढावे. वर्तुळाच्या चार दिशांस जेथे चाल उलटते तेथे ते चपटे दिसले, तर आट्यात ढिलाई आहे. नंतर आपले नाव, मग कोयरी, मग स्वस्तिक, असे जे मनास येईल ते काढीत जावे. ह्या सर्वास खर्च एका पेनाचा. आम्ही सागवानाची हानी करून मग हा पाठ केला. आमचे यंत्र काटकोनात नव्हते हे आम्हांस पेनाने सांगितले. आधी केला असता तर तेही आधीच कळले असते.

आकृती काढण्यासाठी ‘इंकस्केप’ व ‘फ्रीकॅड’ ह्या आज्ञावल्या फुकट मिळतात. त्यांविषयी येथे अधिक लिहीत नाही. घरातील शाळकरी मुले त्या आपणांपेक्षा लवकर शिकतात.

पेन सुटल्यावर पाते बसवावे, पण लाकूड अजूनही नको. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट वगैरे वस्तूंबरोबर थर्माकोल येते व उकिरड्यावर जाऊन रानात उडत बसते. त्याचा येथे उपयोग होतो. त्याहूनही आम्हांस कपडे धुण्याच्या साबणाची वडी अधिक पसंत आहे. साबण पात्यास मोडीत नाही, त्यावर कोरलेली प्रत्येक पायरी स्पष्ट दिसते, आणि निघालेला चुरा पाण्यात भिजवून घरच्यांस परत देता येतो. वडी चांगली सुकलेली मात्र असावी, नाहीतर ती पात्यास चिकटते. पात्याचे टोक नेमके पृष्ठभागावर आणण्याची साधी युक्ती अशी: टोकाखाली कागदाची चिठ्ठी ठेवून ती हाताने मागेपुढे सरकवीत राहावे आणि पाते अगदी थोडे थोडे खाली आणावे, चिठ्ठी अडू लागली की थांबून तेथेच खोलीचे शून्य धरावे. खोलीत अर्धा मिलिमीटर चूक झाली तर साबणात कळतही नाही, परंतु बारीक अक्षर कोरताना तेच सर्वस्व असते.

आता देवदार. खोक्यांच्या ह्या फळ्या परभणीस यंत्रांच्या दुकानांमागे कित्येकदा फुकट वा नाममात्र दरात मिळतात. घरी आणल्यावर प्रथम जुन्या ध्वनिक्षेपकातील चुंबक प्रत्येक फळीवरून फिरवावा. मोडका खिळा आत राहिला असेल तर पात्याचा तुकडा गोळीसारखा उडतो. डोळ्यांस चष्मा लावल्यावाचून यंत्र कधीही चालू करू नये. धोतराचा सोगा, उपरणे, पदर ह्यांपैकी काहीही यंत्राजवळ लोंबू देऊ नये.

लाकडात खोलीचा नियम हा की, एका फेऱ्यात पात्याच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक घेऊ नये. देवदारात तीन मिलिमीटर जाडीच्या पात्याने एक ते दीड, व सागवानासारख्या लाकडात अर्धा. आम्ही सागात तीन घेतले होते, म्हणजे सहापट! चालीचाही हिशेब आहे. पाते मिनिटास दहा हजार फेरे घेते, त्यास दोन धारा आहेत, आणि प्रत्येक धारेने सुमारे ०.०३ मिलिमीटर लाकूड उचलावे असे धरले, तर चाल मिनिटास ६०० मिलिमीटर येते. नवशिक्यास वाटते की जितके सावकाश तितके सुरक्षित. हे खरे नव्हे. फार सावकाश गेले तर धार लाकूड कापीत नाही, नुसती घासते. लाकूड जळते व पात्याचे पाणी उतरते. ओळखण्याची खूण भुशात आहे. बोटांत धरता येईल असा कीस निघाला तर चाल ठीक. पिठासारखी धूळ निघाली तर चाल वाढवावी. मोटार कण्हू लागली तर आधी खोली कमी करावी. सागवानात वाळूच्या जातीचे कण असतात व त्याने धार लवकर बोथट होते, म्हणूनही सरावास ते लाकूड वाईट.

प्लायवुड व एमडीएफ ह्यांचे तुकडे कपाटे करणाऱ्यांकडे पोत्याने पडलेले असतात. एमडीएफमध्ये लाकडाच्या रेषाच नसल्याने ते साबणासारखे निमूट कोरले जाते. पण त्याची धूळ फार बारीक, आणि त्यातील राळेत फॉर्मल्डिहाइड असते. लाकडाची धूळ ही कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ सालीच घातलेली आहे. तेव्हा तोंडास मुसके बांधावे, काम माजघरात न करता ओसरीवर करावे, आणि धूळ झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपावी.

लाकडाच्या रेषांची गोष्ट आम्हांस गावच्या मिस्त्रींनी शिकविली. बिघडलेली महिरप आम्ही त्यांस दाखविली. त्यांनी फळी उन्हात तिरपी धरली व म्हणाले, “भाऊसाहेब, रेषा कोणीकडं चालल्यात ते पाह्यलं का? तुमचं यंत्र सरकलं नसतं तरी ही कमान इथं मोडलीच असती.” आणि बोटाने जागा दाखविली. महिरपीचे निमुळते टोक रेषांस आडवे आले होते. तेथे लाकूड अंगठ्याने मोडण्याइतके नाजूक राहणार होते. संगणकाच्या पडद्यावर लाकडास रेषा नसतात. त्या दिवसापासून फळी यंत्रावर ठेवण्यापूर्वी ती मिस्त्रींच्या डोळ्यांखालून घालावी असा परिपाठ ठेवला आहे. कडुनिंब, बाभूळ, सुबाभूळ ह्यांच्या बांधावरच्या फांद्यांचाही सराव त्यांच्याच सांगण्यावरून केला; ओले लाकूड कोरू नये, सावलीत महिनोनमहिने वाळू द्यावे, नाहीतर केलेले काम वाकते. झाड तोडण्याचा विषय निघाला म्हणून सांगून ठेवतो: साग, आंबा, चिंच, जांभूळ इत्यादी झाडे आपल्या मालकीच्या बांधावरची असली तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. त्या अर्जांची थप्पी आम्ही पुष्कळ वर्षे पाहिली आहे.

विजेची अडचण सर्वांस माहीत आहे. मध्येच वीज गेली की पाते लाकडात अडकून राहते व यंत्र आपली जागा विसरते. घरी इन्व्हर्टर असल्यास त्यावर हे यंत्र सहज चालते. नसल्यास काम सुरू करण्याआधी फळीच्या वाया जाणाऱ्या कोपऱ्यात शून्यावर एक मिलिमीटर खोल टिंब पाडून ठेवावे. हा आपला हद्दीचा दगड. वीज गेली तर बटण बंद करून आट्याचा दांडा हाताने फिरवून पाते वर काढावे. वीज आल्यावर टोक त्या टिंबात आणून पुन्हा शून्य धरावे, चिठ्ठीने खोलीही पुन्हा लावावी आणि काम पहिल्यापासून चालवावे. जेथे आधी कोरले गेले तेथे पाते हवेत फिरेल. वेळ जाईल, लाकूड जाणार नाही.

शेतकऱ्याच्या उपयोगाची एक वस्तू सांगून हा पाठ पुरा करतो. मिरची, टोमॅटो, वांगी ह्यांची रोपे आता पुष्कळजण ९८ खाचांच्या प्लास्टिक ट्रेमध्ये करतात. कोकोपीट भरल्यावर प्रत्येक खाचेत बोटाने खळगा करावा लागतो. खळगा कोठे खोल, कोठे उथळ होतो, आणि रोपे मागेपुढे उगवतात. ह्यावर उपाय खुंट्यांची फळी. आमच्या ट्रेच्या खाचांमधील अंतर मोजता ३८ मिलिमीटर भरले. वाचकांनी आपला ट्रे स्वतः मोजावा. खाचा सात गुणिले चौदा. यंत्राच्या आवाक्यात सात गुणिले पाच छिद्रे बसतात, कारण सहा अंतरांचे २२८ व चार अंतरांचे १५२ मिलिमीटर होतात. म्हणून पाच, पाच व चार ओळींच्या तीन फळ्या करून त्या मागून पट्टीने जोडाव्या. फळी १२ मिलिमीटरच्या पाण्यास टिकणाऱ्या प्लायवुडची, छिद्रे आठ मिलिमीटरची, खुंट्या बांबूच्या. आधी टाकाऊ तुकड्यावर ८.०, ८.१ व ८.२ अशी तीन छिद्रे पाडून कोणत्यात खुंटी घट्ट बसते ते पाहावे. फळीबाहेर खुंटी सर्वत्र सारखी, सुमारे अर्धा सेंटिमीटर राहील अशी घासावी. फळी ट्रेवर एकदा दाबली की ९८ खळगे सारख्या खोलीचे होतात. हेच अंतर हाताने एकापुढे एक आखीत गेलो व दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकलो, तर चौदाव्या ओळीस साडेसहा मिलिमीटरांची चूक जमते आणि खुंटी खाचेच्या काठावर जाते. यंत्राचे कौतुक ते एवढ्यापुरतेच. एकच खुंटी करावयाची असेल तर मिस्त्री ती वाकसाने यंत्राआधी करून देतील.

अशा तीन फळ्या आम्ही केल्या. त्यांतील दोन मिस्त्रींनी जोडून, पॉलिश करून मिरचीच्या रोपवाटिकेवाल्यांस विकल्या. मजुरी त्यांची, विजेचा व पात्यांचा खर्च आमचा, उरले ते निम्मे निम्मे. ह्या हंगामात आणखी पाच सांगून ठेवल्या आहेत. सागवानाची दुसरी फळी भिंतीशी उभी आहे. मिस्त्रींनी तिच्यावर खडूने रेषांची दिशा आखून दिली आहे आणि महिरपीची आकृती आम्ही साबणावर चार वेळा कोरून पाहिली. चौथ्या वेळची वडी देव्हाऱ्यात ठेवली आहे, ती धुण्यास द्यावयाची नाही असे घरातून बजावण्यात आले आहे.